मोठ्याने वाचलेला हिशेब

बाबा गेल्यावर पंधराव्या दिवशी आम्ही त्यांचं लोखंडी कपाट उघडलं. खालच्या खणात चार फायली होत्या, प्रत्येकीला नाडी बांधलेली. विम्याच्या पॉलिसी, पोस्टाची राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रं, यूएस-६४ या गुंतवणूक योजनेची युनिट सर्टिफिकेटं आणि कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेचं एक जुनं पासबुक. दोन प्रमाणपत्रांची मुदत संपून सहा वर्षं उलटली होती. पासबुकात १९८८ साली, म्हणजे ताईच्या लग्नाच्या वर्षी घेतलेलं कर्ज होतं आणि पुढे सात वर्षांचे हप्ते. आई ते पासबुक बराच वेळ हातात धरून बसली. मग म्हणाली, "मला वाटायचं, यांचा पगारच तेवढा."

हप्ता पगारातूनच कापला जायचा. उरलेली रक्कम पाकिटात घालून बाबा आईकडे द्यायचे आणि सात वर्षं तिने तेवढ्यातच घर चालवलं. "कर्ज म्हणजे गळफास" हे बाबांचं वाक्य आम्ही भावंडांनी इतक्या वेळा ऐकलं होतं, की त्यांनी स्वतः कधी कर्ज काढलं असेल हे आमच्या मनातही आलं नव्हतं. ते पाटबंधारे खात्यात कारकून होते. काटकसरी, सरळ, कुणाचा रुपया न बुडवणारे. बाईला वय विचारू नये आणि पुरुषाला पगार, ही रीत त्यांनी घरातही पाळली. त्या दिवसापासून मला एक प्रश्न सतावतो आहे. फेडलेल्या, प्रामाणिक कर्जाचीही इतकी लाज वाटावी, ती आली कुठून?

पहिलं उत्तर मला आमच्याच मुलखात सापडलं. बाबांचे पणजोबा भीमथडीकडचे. त्या काळातला कुणबी सावकाराला खत लिहून द्यायचा, म्हणजे अंगठा द्यायचा. १८५९च्या मुदतीच्या कायद्याने अशा खताला तीन वर्षांचं आयुष्य ठरवलं. कायद्याचा हेतू व्याज साचू नये हा होता. घडलं उलटं. दर तीन वर्षांनी सावकार थकलेलं व्याज मुद्दलात मिळवून नवं खत करून घेऊ लागला. अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ ते १८६५ या काळात इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा उसनवारी सहज मिळाली. यादवी संपली, भाव कोसळले, वर सारावाढ आली आणि सावकारांनी हात आखडला. १२ मे १८७५ रोजी भीमथडीतल्याच सुप्याच्या बाजारात लोक सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. तिथून पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावांत ते लोण पसरलं.

त्या उठावातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. लोकांनी मुख्यतः कागद मागितले आणि ते जाळले. खतं, वह्या, दस्तऐवज. वाचता न येणाऱ्या माणसांना आपल्याला नेमकं कशाने बांधलं आहे हे पक्कं ठाऊक होतं. कर्ज प्रत्येक पिढीत असतं. त्यांना छळणारी गोष्ट ही होती, की आपल्या देण्याचा हिशेब दुसऱ्याच्या वहीत होता आणि तो त्यांना कधी ऐकायला मिळत नव्हता. १८७९चा दख्खन शेतकरी कायदा वाचताना हे आणखी स्पष्ट झालं. कर्जापायी तुरुंगात टाकणं त्याने बंद केलं, खतामागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना दिला आणि शेतकऱ्याला पावती, सालाचा हिशेब आणि मागेल तर पासबुक देण्याचं बंधन सावकारावर घातलं. पासबुक! माझ्या बाबांनी सात वर्षं नाडीखाली दडवलेली वस्तू. त्यांच्या पणजोबांच्या पिढीला ती उठाव करून मिळाली होती.

मला वाटतं, गाव सोडून शहरात नोकरीला आलेल्या घरांनी त्या काळाची फक्त भीती बरोबर आणली. सुप्याचा राग वाटेत कुठेतरी गळून पडला. हिशेब आम्हालाही कळला पाहिजे ही त्या रागातली मागणी होती. ती गेल्यावर मागे राहिली फक्त लाज.

सुप्यात जळालेल्या कागदांवरून मला तुकोबा आठवतात. त्यांनी घरातली कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, भावाचा निम्मा वाटा मात्र त्याच्या स्वाधीन केला, ही कथा आजीने मला वैराग्याची म्हणून सांगितली होती. आज ती कथा आठवते तेव्हा मला ती कुळंच दिसतात, ज्यांची नावं त्या कागदांवर होती.

पण आमच्या समाजात दुसरा प्रवाहही होता आणि तो मला फार उशिरा दिसला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंताजी दामोदर काळे गावोगाव हिंडून माणशी एकेक पैसा गोळा करत होते. त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावला काच कारखाना उभा राहिला. साताऱ्यात १९१३ साली वेस्टर्न इंडिया विमा कंपनी निघाली. १९०४च्या कायद्यानंतर पतपेढ्या आल्या. या सगळ्यात पैशाबद्दलची एक वेगळीच समजूत दिसते. थोडा पैसा लाजिरवाणा नसतो, तो चारचौघांत मोजला तर त्याचं बळ होतं. गिरणगावातल्या खानावळींत आणि चाळींत चाललेल्या भिशीलाही हेच लागू होतं. भिशीत कुणाची किती आणि कुणाची थकली हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणूनच ती चालते.

मध्यमवर्गाने काटकसर उचलली, मोजणी मात्र बंद खोलीत नेली. बाबांच्या पिढीच्या वाट्याला काळही तसा अनुकूल आला. १९८६ ते १९९९ या काळात पीपीएफवर बारा टक्के व्याज मिळत होतं. पोस्टात ठेवा आणि विसरा, हा सल्ला तेव्हा खरा होता. आज तोच दर ७.१ टक्के आहे, पण वाक्य आम्ही तसंच पुढे वापरतो. अमेरिकेतल्या अर्थतज्ज्ञ उल्रिके माल्मेंडियर आणि स्टीफन नागेल यांनी २०११ साली दाखवलं, की आयुष्यात शेअर बाजाराचे वाईट दिवस पाहिलेली माणसं पुढे कित्येक वर्षं त्यापासून दूर राहतात. पैशाबद्दलचं मत म्हणजे बहुतेकदा कुणाच्या तरी वाट्याला आलेल्या दिवसांची आठवण असते. यूएस-६४ बाबांना पोस्टाइतकीच पक्की वाटली असणार. २००१च्या जुलैत तिची खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी थांबवली, त्या दिवसाचं वर्तमानपत्राचं कात्रण त्यांच्या फाइलीत घडी घालून ठेवलेलं होतं. त्या रात्री ते नेहमीसारखे जेवले असतील, आम्हाला काहीच आठवत नाही. इतकी काळजी एकट्याने वाहिली, याचं मला आजही दुःख होतं.

अशी किती घरं असतील? दहा वर्षं कुणी हात न लावलेल्या ठेवी बँकांना रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे द्याव्या लागतात. फेब्रुवारी २०२३ अखेर एकट्या सरकारी बँकांनी दिलेली अशी रक्कम सुमारे ३५ हजार कोटी रुपये होती. यातल्या प्रत्येक रुपयामागे वेगळं कारण असेल. पण बराच पैसा कुणीतरी पोटाला चिमटा घेऊन साठवला आणि घरात सांगितला नाही, असं मला आमच्या कपाटावरून वाटतं. ब्रॅड क्लॉन्ट्झ हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पैशाबद्दलच्या समजुतींचे जे प्रकार करतात, त्यांतल्या सावध माणसाच्या प्रकारात बचत आणि गुप्तता शेजारी-शेजारी येतात. आमच्याकडेही त्या एकाच गाठोड्यात बांधून आल्या. बचतीने आम्हाला तारलं. गुप्ततेने काय दिलं, हे शोधूनही मला सापडत नाही.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. गरिबाची गरिबी त्याच्या समजुतींमुळे आहे, असा निष्कर्ष यातून कुणी काढू नये. तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवरचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. तेच शेतकरी तोडणीआधीच्या ओढगस्तीत बुद्धीच्या चाचण्यांत मागे पडले आणि पैसे हाती आल्यावर पुढे गेले. माणूस तोच, फक्त खिसा बदलला. तंगी स्वतःच विचार करण्याची जागा खाऊन टाकते. ज्याच्याकडे उद्याचं दूध घ्यायला पैसे नाहीत, त्याला दृष्टिकोन बदलायला सांगणं हा अन्याय आहे.

म्हणूनच माण तालुक्यातल्या म्हसवडची गोष्ट मला मोलाची वाटते. तिथल्या बायकांना बचतीसाठी स्वतःची बँक हवी होती. चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने अर्ज गेला आणि रिझर्व्ह बँकेने तो नाकारला, कारण प्रवर्तक बायका निरक्षर होत्या. त्या लिहा-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, की तुम्ही यंत्रावर व्याज काढा, आम्ही तोंडी काढतो. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. दुष्काळी मुलखातल्या बायका मोठ्याने व्याज मोजत आहेत, हे चित्र मी सुप्याच्या बाजाराशेजारी ठेवतो. सुप्यात कागद जाळावा लागला. म्हसवडला त्याच अंगठ्याने कागद वाचून दाखवला.

बचत गटाची बैठक ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक असेल. सतरंजीवर गोल, मधे वही आणि पेटी. प्रत्येकीने आपली बचत किती, हप्ता किती, हे बोलून द्यायचं. कुणाची थकबाकी असेल तर तीही तिथेच निघते, आणि का थकली याची चौकशीही तिथेच होते. नवरा आजारी, शेळी मेली, पोराची फी. तिथे देणं ही लपवायची गोष्ट राहत नाही, त्यामुळे ते एकटीचंही राहत नाही.

माझ्या भाचीच्या पिढीला कर्जाची लाज नाही असं मला वाटायचं. फोनचा हप्ता, गाडीचा हप्ता, सगळं खुलं. मग दोन वर्षांपूर्वी एका दुपारी मला अनोळखी नंबरवरून फोन आला. भाचीने मोबाइलवरच्या एका ॲपवरून कर्ज काढलं होतं, ते फेडायला दुसऱ्यावरून, मग तिसऱ्यावरून. वसुलीवाला तिच्या फोनमधल्या एकेका नातेवाइकाला गाठत होता. त्याच्याकडे तिचं सोनं गहाण नव्हतं की घराचे कागद नव्हते. तारण होती ती घरच्यांना कळेल ही धास्ती. आमच्या घराने चार पिढ्या जपलेली लाज त्या माणसाने पाच मिनिटांत वापरायला घेतली होती. मी तिला फोन केला तेव्हा ती खूप रडली. पहिल्या कर्जाच्या वेळीच तिने सांगितलं असतं, तर रक्कम एका महिन्याच्या पगाराएवढी होती.

ते सगळं निस्तरायला आठ महिने लागले. आई आता ८३ वर्षांची आहे. बाबांच्या डायऱ्यांतली कोरी पानं तिने हिशेबाला घेतली आहेत. गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजन झाल्यावर तिने तिची पेन्शन किती येते आणि ठेवी कुठे आहेत, ते आम्हा सगळ्यांना बसवून वाचून दाखवलं. नॉमिनीची नावंही वाचली. मग चष्मा पुसत भाचीकडे वळली.

"तुझा पगार किती गं?"

आमच्या घरात हा प्रश्न मी पहिल्यांदाच ऐकला. भाचीने आकडा सांगितला. आईने तो लिहिला, त्याखाली रेघ ओढली आणि पेन तसंच धरून विचारलं, "बरं. आणि देणं किती?"