फिस्कारतोय कुणावर?

माझा भाचा कोलोरॅडोत राहतो. गेल्या हिवाळ्यात त्यानं रीतसर परवाना काढून माउंटन लायन मारला, म्हणजेच प्यूमा. आता तिथला टॅक्सिडर्मिस्ट विचारतोय, कुठल्या पवित्र्यात हवा? आपण सवयीनं पेंढा भरणं म्हणतो खरं, पण हल्ली फोमचा तयार साचा येतो. कमावलेलं कातडं त्यावर ताणून बसवतात, डोळे काचेचे लावतात. साचा एकदा मागवला की पवित्रा बदलत नाही. फोनवर आमचं झालं ते असं.

भाचा : मामा, जबडा उघडा ठेवू की मिटलेला?

मी : तू पाहिलास तेव्हा कसा होता?

भाचा : उघडा. फिस्कारत होता.

मी : कुणावर?

भाचा : कुत्र्यांवर. ताज्या बर्फात ठसे दिसले की गाइड कुत्रे सोडतो. ते वास काढत मागे लागतात, लायन झाडावर चढतो, कुत्रे बुंध्याशी भुंकत राहतात. मग आपण पोचतो.

मी : मग कुत्र्यांतही पेंढा भरून घे. नाहीतर तुझ्या सोफ्यावर चहा पीत बसलेल्या पाहुण्यावर तो फिस्कारणार. त्याला वाटेल, जनावर अंगावर आलं आणि तू शर्थीनं लोळवलंस.

भाचा : असं मी कुणाला सांगणार नाही.

मी : तुला तोंड उघडावं लागणारच नाही. त्याचं उघडं आहे ना.

भाचा : कोल्हापूरला नव्या राजवाड्यातले पेंढा भरलेले वाघ दाखवायला मला तुम्हीच न्यायचात. तेव्हा काही बोलला नाहीत.

नाही बोललो, कारण मलाही ते आवडायचे. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांच्या कारखान्यानं संस्थानिकांसाठी आणि साहेबांसाठी हजारो वाघ-बिबटे असे उभे केले. गुरगुरता जबडा ही त्यांची खासियत. वाघाच्या बाबतीत ते निदान शोभतं तरी. प्यूमाला डरकाळी फोडताच येत नाही, तो मांजरासारखा घुरघुरतो.

भाचा : बरं, तोंड मिटलेलं. खडकावरून शांतपणे चाललाय, असा.

मी : चालताना पाहिलास कधी?

भाचा : नाही. पण सकाळभर त्याच्या ठशांवर होतो. कुठे थबकला, कुठे ओंडक्यावरून उडी घेतली, कुठे बसून पुन्हा उठला, सगळं बर्फात उमटलेलं होतं. झाडावरच्या त्या काही मिनिटांपेक्षा त्याची चालच मला जास्त ठाऊक आहे.

यावर माझ्यापाशी तेव्हा उत्तर नव्हतं, आजही नाही. म्हणून मी दुसरीकडून शिरलो.

मी : पण इतका निवांत चाललेला प्राणी तुझ्या घरात आला कसा?

भाचा : आणि तुमच्या रविवारच्या मटणातला बोकड हे सांगतो? याचं मांस आम्ही खाल्लंय, मामा. इथे कायदाच आहे, खाण्याजोगं मांस टाकता येत नाही. शिकार झाली की अठ्ठेचाळीस तासांत वन्यजीव खात्याला कळवायचं, मग नेऊन दाखवायचं. वय काढायला ते एक दात काढून घेतात. पिल्लं असलेली मादी मारायची नाही. 2024 मध्ये शिकारबंदीवर मतदान झालं, ती बंदीही लोकांनी फेटाळली.

मी : कॅलिफोर्नियात 1990 मध्ये लोकांनी मतदान करूनच बंदी आणली. मतांनी परवाना मिळतो. मारलेला लायन कसा उभा राहावा, हे मतपेटी कशी सांगणार?

भाचा : म्हणजे ठेवूच नको म्हणता? पी-22 सारखा पुरून टाकू?

पी-22 हा लॉस एंजलिसमधला प्यूमा. दोन महामार्ग ओलांडून तो ग्रिफिथ पार्कात आला आणि दहा वर्षं तिथे राहिला. आजार आणि गाडीची धडक यामुळे डिसेंबर 2022 मध्ये त्याला दयामरण द्यावं लागलं. त्याचा देह संग्रहालयात राहू नये असं तिथल्या मूळ जमातींनी लावून धरलं, आणि मार्च 2023 मध्ये सांता मोनिकाच्या डोंगरात विधीपूर्वक त्याचं दफन झालं. हे प्रकरण भाच्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

मी : त्याला पुरणाऱ्यांनी मारला नव्हता. तू पुरलास तर पुरावा पुरशील. उलट मी म्हणतो, ठेव. पण फांदीवर ठेव. कान मागे पडलेले, नजर खाली. येणारा जाणारा खालून वर बघेल, म्हणजे कुत्र्यांच्या आणि तुझ्या जागेवरून.

भाचा : रोज नाही बघवणार मामा.

मी : त्या दिवशी बघवलं?

भाचा : त्या दिवशी बघायला वेळ कुठे होता? हात गारठलेले, कुत्र्यांचा गोंधळ, गाइड घाई करत होता.

त्यानं शेवटी फांदीवरचा साचा मागवला, पण तोंड मिटलेला. ही तडजोड मला पटलेली नाही. फांदी कबूल केल्यावर फिस्कारणं लपवण्यात काय अर्थ? कवटी साफ करून वेगळी ठेवली आहे, कारण बून अँड क्रॉकेट क्लब विक्रमासाठी कवटीचीच लांबी-रुंदी मोजतो, कातड्याला गुण नाहीत. भाचेसुनेनं मात्र दिवाणखान्यात जागा द्यायला साफ नकार दिला. लायन गॅरेजमध्ये जाणार आहे.