चिंधी कुणाची?

सुरतेच्या कापडबाजारात ‘चक्रीय अर्थव्यवस्था’ हा शब्द सध्या फार स्वस्त झाला आहे. साडीच्या कापातून उरलेल्या चिंध्यांची पिशवी शिवायची, तिला ‘टिकाऊ’ अशी चिठ्ठी लावायची, शिवणाऱ्या बाईचा हसरा फोटो छापायचा, की उद्योग ‘सामाजिक’ही ठरतो. चिंधी वाया गेली नाही याचा मला आनंदच आहे. पण त्या बाईच्या कामाचा भाव कुणी ठरवला, हे चिठ्ठीवर कुठेच नसतं.

टाकाऊ पुन्हा वापरात आणण्याचा विचार जुनाच आहे. गांधीवादी अर्थतज्ज्ञ कुमारप्पांचं ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ हे पुस्तक १९४५चं. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी १९४८मध्ये कणकवलीजवळ गोपुरी आश्रम उभा केला. मैल्याचं खत करताना त्या कामाला चिकटलेली जातही त्यांना पुसायची होती. पुढे अर्थतज्ज्ञ बोल्डिंग, शाश्वत विकासावरचा ब्रुंटलंड अहवाल, सूक्ष्मकर्जवाले युनूस ही नावं वाचकांच्या ओळखीची आहेत, तिथे थांबत नाही.

थांबायचं ते पुण्याच्या ‘स्वच्छ’पाशी. २००८मध्ये महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलणारी ही कचरावेचकांची सहकारी संस्था आज सामाजिक उद्योजकतेचा नमुना म्हणून सांगितली जाते. गोष्ट मात्र २००८पासून सुरू केली जाते, आणि चूक तिथेच होते. सुरुवात १९९३ची आहे. ‘स्वच्छ’च्या आधी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची कामगार संघटना उभी राहिली. तिची ठिणगी अशी पडली. घरांतून कचरा वेगळा करून मिळू लागला आणि लगेच एक खासगी उद्योजक तो न्यायला गाडी घेऊन आला. बायकांनी गाडी अडवली. त्या उकिरड्यात हात घालत होत्या तोवर कुणाला हेवा नव्हता, कचरा ‘संपत्ती’ ठरताच वाटेकरी आले. म्हणून त्यांनी आधी ओळखपत्र मागितलं, भंगारावरचा हक्क मागितला, धंदा नंतर उभा केला. ‘स्वच्छ’मध्ये घराघरातून मिळणारं शुल्क त्यांचं आणि भंगार विकून येणारा पैसाही त्यांचाच. हक्क वगळून नुसता नमुना उचलला, तर हाती उरते स्वस्त मजुरी.

सुरतेला चक्र फिरवता येत नाही असं नाही. १९९४च्या प्लेगनंतर या शहराने स्वतःला कसं धुऊन काढलं, ते देशाने पाहिलं आहे. बमरोलीच्या प्रकल्पात रोज ४ कोटी लिटर सांडपाणी शुद्ध करून पांडेसऱ्याच्या कारखान्यांना विकण्याची सोय आहे. ते चक्र फिरतं, कारण पाण्याला मालक आहे, दर आहे, करार आहे.

चिंधीचं तसं नाही. सुरतेच्याच लिंबायत भागातल्या एका खोलीत मी खान्देशातून आलेली एक बाई पाहिली. पुढ्यात चिंध्यांचा ढीग, आणि तिची बोटं न पाहता पांढरं, रंगीत, जरीचं वेगळं काढत होती. लांब तुकडा पायपुसण्याला, बारीक उशीच्या भरणाला. तुकडा पॉलिएस्टरचा की सुताचा, हे ती चिमटीत धरूनच सांगत होती. एवढी पारख असून तिच्यापाशी ना दर होता, ना कागद. संध्याकाळी व्यापारी आला, स्वतःचाच काटा लावला, आकडा बोलला. तिने मान डोलावली.

सुरतेत कुणाला खरोखर असा उद्योग काढायचा असेल, तर पिशवीच्या आधी या बायकांची संस्था व्हावी, महापालिकेने आणि बाजाराने तिच्याशी लेखी करार करावा, आणि पहिल्या पैशातून त्या खोलीत त्यांचा स्वतःचा वजनकाटा यावा.