एकटं सूर्यफूल लावू नकोस

कळमनुरी, जि. हिंगोली
पितृपंधरवडा

चि. नातीस,

तुझं पत्र मिळालं. हिंगोलीच्या नव्या घरामागं मोकळी जागा आहे, फाटकापाशी रोपवाटिकेतून आणलेलं एक सूर्यफूल लावलंस, आता पुढं काय करू, असं विचारलंस. माझं सांगणं एकच आहे, माय. सूर्यफूल एकटं लावू नकोस. लावायचं तर वाफाभर लाव आणि सगळं बी एकाच दिवशी टोक.

का, ते नीट समजून घे. आपण ज्याला एक फूल म्हणतो, त्यात हजारभर बारीक फुलं दाटीनं बसलेली असतात. कडेच्या पिवळ्या पाकळ्या मधमाशीला बोलावण्यापुरत्या. त्यांच्या बुडाशी दाणा धरत नाही. दाणा धरतो तो मधल्या तबकडीत. तिथली फुलं कडेकडून आत अशी रांगेरांगेनं उमलतात, पूर्ण तबकडी उमलायला आठ-दहा दिवस जातात. प्रत्येक बारीक फूल आधी पराग बाहेर टाकतं आणि त्याचं स्त्रीकेसर त्यानंतर उघडतं. शिवाय जुन्या वाणांना स्वतःच्या परागानं दाणा फारसा धरत नाही, दुसऱ्या झाडाचा पराग लागतो. तो आणून द्यायला मधमाशी लागते, कारण हा पराग जड आणि चिकट असतो, वाऱ्यावर लांब जात नाही. एकटं झाड दिसायला देखणं होईल, पण दाणे फोडून बघशील तर निम्म्याहून जास्त पोचट निघतील. आणि एका फुलासाठी मधमाशी वाट वाकडी करून येत नाही. पन्नास-साठ फुलं एकदम पिवळी झाली की ती लांबून येते.

रोपवाटिकेतली पुष्कळ शोभेची सूर्यफुलं तर मुद्दाम बिनपरागाची तयार केलेली असतात. फुलदाणीत ठेवली की टेबलावर पिवळी पूड पडू नये, म्हणून. तुझं तसलं असेल तर असू दे फाटकापाशी, पण त्याच्याकडून दाण्याची आशा धरू नकोस.

वाफा कुठं करायचा, हे मात्र बी टोकायच्या आधी ठरव. सूर्यफूल दिवसभर सूर्याकडे वळत राहतं, असं शाळेत शिकवतात. ते कोवळ्या कळीपुरतं खरं आहे. दिवसा देठाची पूर्वेकडची बाजू जास्त वाढते म्हणून कळी पश्चिमेला झुकते, रात्री पश्चिमेकडची बाजू वाढते आणि पहाटेपर्यंत ती परत पूर्वेला येते. फूल पुरतं उमललं, देठाची वाढ थांबली, की ते पूर्वेकडे तोंड करून थांबतं आणि शेवटपर्यंत तसंच राहतं. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये याचं कारण प्रयोगानं दाखवलं. पूर्वेकडे तोंड असलेलं फूल सकाळी लवकर तापतं आणि पश्चिमेकडे फिरवून ठेवलेल्या फुलापेक्षा त्याच्यावर कितीतरी जास्त मधमाश्या येतात, पाचपटीपर्यंत. तेव्हा तुझ्या मागच्या दाराच्या पश्चिमेला वाफा कर. दारात उभी राहिलीस की सगळी फुलं तुझ्याकडे बघतील. पूर्वेला केलास तर सगळा हंगाम त्यांच्या पाठी बघत बसशील. भिंतीची किंवा झाडाची सावली नको, सहा-सात तास ऊन हवंच.

आता हंगाम. सूर्यफुलाला दिवस लहान की मोठा याचं फारसं काही नसतं, म्हणून आपल्याकडे ते खरीप, रब्बी आणि उन्हाळी अशा तिन्ही हंगामांत येतं. तरी परसात रब्बीचं करावं, असं माझं ठाम मत आहे. पावसाळ्यात ऐन फुलोऱ्यात झड लागली की पराग धुऊन जातो, मधमाशी बाहेर पडत नाही आणि फुलात पाणी साचून ते सडतं. घटस्थापनेला टोकलंस तर फुलोरा दिवाळीनंतर कोरड्या हवेत येतो आणि संक्रांतीच्या आत दाणा घरात. हिंगोलीची जमीन काळी, पाणी धरून ठेवणारी, म्हणून सपाट वाफ्यापेक्षा सरी पाडून वरंब्याच्या कडेला टोकण कर. बी रात्रभर भिजवून सकाळी सावलीत सुकव. दीड फुटावर ओळी, ओळीत एकेक फुटावर खड्डा, खड्ड्यात दोन बिया, बोटाची दोन पेरं खोल. पंधरा-वीस दिवसांनी जोमदार रोप ठेवून दुसरं काढ. महिनाभरानं बुडाला मातीची भर दे, नाहीतर फूल जड झाल्यावर झाड कलंडतं. शेणखत भरपूर घाल. पाणी तीन वेळा चुकवू नकोस: कळी धरताना, फुलोऱ्यात आणि दाणा भरताना. न्हाणीचं पाणी चालतं, साबणाचा फेस असलेलं तेवढं वेगळं काढ.

बी कुठलं, हा प्रश्न मी फार महत्त्वाचा मानते. दुकानात संकरित वाण मिळतात, त्यांचं उत्पन्न चांगलं येतं. पण त्यांचं घरी धरलेलं बी पुढच्या वर्षी एकसारखं उगवत नाही, दर वर्षी पुडी विकत आणावी लागते. परसासाठी सरळ वाण घ्यावा. मॉर्डेन हा कॅनडाकडून आलेला बुटका वाण ८०-८५ दिवसांत हाताशी येतो, कमरेच्या वर फार जात नाही, वाऱ्यात पडत नाही. आपल्याकडचा सोलापूरचा ‘भानू’ आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या लातूर इथल्या गळीतधान्य केंद्रानंही सूर्यफुलाचे वाण दिले.

मी लहान असताना या भागात सूर्यफूल नव्हतं. तेल करडईचं, जवसाचं, शेंगदाण्याचं. रब्बी ज्वारीच्या भोवती करडईचे तास असायचे. काटेरी असल्यामुळं ढोरं आत शिरायची नाहीत आणि घरचं तेलही व्हायचं. करडई आणि कारळ ही सूर्यफुलाच्याच कुळातली, झेंडू-शेवंतीही त्याच कुळातली. सूर्यफूल मूळचं उत्तर अमेरिकेचं. तिथल्या मूळ रहिवाशांनी ते चार हजार वर्षांपूर्वीच लावायला घेतलं होतं. स्पेनच्या लोकांनी ते युरोपात नेलं, तिथं दोन-तीनशे वर्षं ते बागेतली शोभा म्हणूनच राहिलं. त्याचं तेलपीक केलं ते रशियानं. आपल्या देशात लागवडीसाठी १९६९ मध्ये बी आलं तेही सोव्हिएत रशियातूनच. १९८६ मध्ये सरकारनं तेलबियांचं अभियान काढलं आणि लातूर, धाराशिव, सोलापूर, नांदेडपासून आपल्यापर्यंत शिवारं पिवळी झाली. आपण तेव्हा परभणी जिल्ह्यात होतो. हिंगोली जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ ला. १९९३-९४ च्या सुमारास देशात पंचवीस लाख हेक्टरांच्या वर सूर्यफूल होतं. आज ते दोन-तीन लाखांच्या घरात आहे.

एवढं पीक गेलं कुठं? एक कारण बाजाराचं. त्याच दशकात खाद्यतेलाची आयात खुली झाली, बाहेरचं स्वस्त तेल आलं, दाण्याचा भाव पडला. शेतकरी सोयाबीनकडे वळला आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही. दुसरं कारण रोगाचं. केवडा रोग देशात पहिल्यांदा दिसला तो लातूर भागातच, १९८४ च्या सुमारास. पुढं १९९७ मध्ये कर्नाटकात विषाणूची मर दिसली आणि आजूबाजूच्या राज्यांत पसरली. तिसरं कारण राघूंचं. शिवारभर सूर्यफूल असतं तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला थोडे राघू येतात. शिवारात एकट्याचंच शेत उरलं की पंचक्रोशीतले सगळे राघू त्याच्यावर उतरतात. मग तोही पुढच्या वर्षी पेरत नाही. आपण पिशवीतलं सूर्यफूल तेल घेतो त्यातलं बहुतेक युक्रेन, रशिया, अर्जेंटिना इथून येतं. २०२२ च्या फेब्रुवारीत तिकडं युद्ध सुरू झालं आणि आपल्या गल्लीतल्या दुकानात तेलाचे भाव भडकले, ते तुला आठवत असेल. आपल्या मातीत येणारं पीक असं परक्या बंदरांच्या भरवशावर गेलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तुझ्या वाफ्यानं देशाचं तेल भागणार नाही, पण निदान बी आणि ते कसं करायचं याची माहिती घरात राहील.

शेतकऱ्याला जे जमत नाही ते परसात जमतं, म्हणून तर मी परसाचा आग्रह धरते. पाकळ्या सुकल्या की फुलांना कांद्याच्या जाळीदार पिशव्या बांध. प्लॅस्टिकची बंद पिशवी नको, आत दमट होऊन बुरशी येते. दोन-चार फुलं राघूंसाठी उघडी सोड.

मधमाश्या कमी दिसल्या तर हातानं परागीभवन कर. हाताला मऊ मलमल गुंडाळायची, सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान एका फुलावरून दुसऱ्यावर अलगद फिरवायची, दिवसाआड, फुलोरा संपेपर्यंत. जोर लावायचा नाही. कडेच्या पाकळ्या उघडायला लागल्या की एकदा टाकणखाराची फवारणी दे: लिटरला दोन ग्रॅम, आधी कोमट पाण्यात विरघळवून. त्यानं दाणा भरतो. फुलोऱ्यात कीटकनाशक मात्र अजिबात मारू नकोस. केसाळ अळी आली तर ती आधी एखाद्या पानाच्या खाली पुंजक्यानं असते, जाळी झालेलं ते पान तोडून रॉकेलच्या पाण्यात बुडवायचं, काम संपलं. खुजं राहिलेलं, फिकट पानांचं, पानाखाली पांढरी बुरशी आलेलं झाड केवड्याचं समज आणि उपटून पुरून टाक.

फूल कधी काढायचं? त्याची मागची बाजू लिंबासारखी पिवळी झाली आणि खालची पानं वाळली की. देठासकट कापून उन्हात वाळव, मग काठीनं हलकं बडव आणि सुपानं पाखड. दहा फूट लांब, दहा फूट रुंद वाफ्यातून किलो-दीड किलो दाणा मिळाला तर उत्तम समज. एवढ्याचं तेल काढायला घाणेवाला घाणा लावत नाही, आणि लावला तरी पाव-अर्धा लिटरच निघेल. म्हणून तेलाचा हिशेब डोक्यातून काढ, दाणाच खा.

तेलाच्या वाणाचा दाणा काळा, लहान, टरफल घट्ट. तो सोलायला नखं लावत बसू नकोस. कढईत जरा गरम कर, पाट्यावर वरवंटा हलक्या हातानं फिरव म्हणजे टरफल फुटेल, मग पाण्यात टाक. टरफलं वर तरंगतात, गर खाली बसतो. गर लगेच फडक्यावर पसरून खडखडीत वाळव, ओला ठेवलास तर खवट होतो. त्याची कारळासारखी चटणी कर: गर खमंग भाजायचा, वाळल्या मिरच्या, लसूण, जिरं, मीठ घालून खलबत्त्यात कुटायचं. मिक्सरमध्ये लगदा होतो, तेल सुटतं. ज्वारीच्या भाकरीवर ही चटणी मला शेंगदाण्याच्या चटणीपेक्षा जास्त आवडते. वांग्याच्या भाजीत कूट म्हणूनही चालते. दाणे काढलेली फुलं गाय आवडीनं खाते, ती शेजारी जनावर असेल त्यांना दे. वाळलेली ताटं वालाच्या वेलाला आधार म्हणून रोव. टरफलं मात्र वाफ्यात टाकू नकोस, त्यांच्या अंशानं दुसऱ्या रोपांची उगवण मार खाते. आणि पुढच्या वर्षी त्याच वाफ्यात पुन्हा सूर्यफूल नको, तिथं वाल किंवा चवळी लाव.

बियाण्यासाठी निरोगी झाडांची मोठी फुलं आधीच खूण करून ठेव आणि त्यांच्या कडेचे टपोरे दाणे घे, मधले नको. वाळवून, राख लावून मडक्यात भर. ताजं बी लगेच टोकलंस तर उगवणार नाही, ते दीड महिनाभर झोपलेलं असतं.

या पत्रासोबत आपल्या परसातलं मॉर्डेनचं बी पाठवते आहे. निम्मं टोक, निम्मं जपून ठेव. पहिली उगवण कमी झाली तर हाताशी असावं. वाफा घटस्थापनेच्या आत तयार कर. आणि घराभोवती गाजरगवत असेल तर ते आजच उपट. मरीचा विषाणू त्या गवतात गुपचूप राहतो, गवतावर काही दिसत नाही आणि त्याच्या परागावरून फुलकिडे तो सूर्यफुलावर आणतात. एकटीनं होणार नाही, शेजारच्यांनाही सांग आणि फुलावर यायच्या आत सगळी गल्ली साफ करा.

तुझी,
आजी