कलप आणि काळ

वारकरी सज्जनहो, आपल्या घरोघरी एक बोल ऐकू येतो. तरणा पोर वाद घालू लागला म्हणजे वडीलधारा माणूस म्हणतो, "बाबा रे, हे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत!" या बोलण्यात केवढा भारदस्तपणा आहे पाहा. पांढरा केस ही साक्ष होती. चार पावसाळे जास्त पाहिले, सुखदुःख सोसले, त्याची ती पावती होती. आज मात्र तोच वडीलधारा रविवारी सकाळी वाटीत कलप कालवून आरशापुढे बसलेला दिसतो. जी पावती मिरवायची, तीच तो पुसून टाकतो. असे का होते, आणि हरिभक्ताने या बाबतीत कसे वागावे, याचा थोडा विचार आज करू.

प्रथम ही गोष्ट मुळात काय आहे ते समजून घ्यावे. केसाच्या मुळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. वय वाढले की त्या थकतात आणि नवा केस बिनरंगाचा उगवतो. तो आपल्याला पांढरा दिसतो. कोणाचे केस तिशीत पिकतात, कोणाचे साठीपर्यंत काळे राहतात. त्यात घराण्याची ठेवण बरीच असते. फार लहान वयात केस पिकू लागले तर कधी शरीरात ब-१२ जीवनसत्त्व कमी पडलेले असते, कधी थायरॉईडचा विकार असतो. अशा वेळी वैद्याला दाखवावे. पण एरवी केस पिकणे हा रोग नव्हे. आंबा पिकतो, पान पिकते, तसा केस पिकतो. पिकणे हा शब्दच गोड आहे. त्याला आपण कडू केले.

कातडीबाहेर आलेला केस निर्जीव असतो. त्याला रंग फासता येतो, पण मुळाला फासता येत नाही. केस महिन्याला सुमारे 1 ते 1.25 सेंटिमीटर वाढतो. म्हणून कलप लावून तीन आठवडे झाले, की भांगात पांढरी रेघ डोकावते. मग पुन्हा वाटी, पुन्हा फणी. आम्ही असे भाविक पाहिले आहेत, की ज्यांची महिन्यातून दोनदा येणारी एकादशी चुकते, पण कलपाची तारीख चुकत नाही. जे व्रत इतके नेमाने चालते त्याची देवता कोण, हे ज्याचे त्याने एकदा मनाला विचारावे.

आता पुराणांतरीचे दाखले पाहू. दशरथ राजाची कथा आपण सर्व जाणता. तुलसीदासांनी मानसात सांगितले आहे, की राजाने सहज आरसा हातात घेतला तेव्हा कानाजवळचे केस पांढरे झालेले त्याला दिसले. कालिदासाने रघुवंशात याच प्रसंगी अशी कल्पना केली आहे, की म्हातारपण कैकेयीला भ्याले, आणि पांढऱ्या केसाचे रूप घेऊन राजाच्या कानाशी येऊन त्याने हळूच सांगितले, की आता राज्य रामाला दे. कान हे निरोप ऐकण्याचे ठिकाण, म्हणून पहिला पांढरा केस तेथे आला! राजाने निरोप ऐकला आणि राज्याभिषेकाची तयारी मांडली. पण उद्याचा मुहूर्त धरला. मध्ये एक रात्र गेली, आणि त्या एका रात्रीत काय घडले ते साऱ्या जगाला माहीत आहे. निरोप आल्यावर एक रात्रसुद्धा पडू देऊ नये, असा याचा अर्थ आम्ही घेतो. मग जो निरोप्यालाच काळे फासून परत पाठवतो, त्याची गत काय होईल?

दुसरा दाखला ययातीचा. शुक्राचार्यांच्या शापाने त्याला अकाली जरा आली. तारुण्य कोणी उसने देईल काय, म्हणून तो पोटच्या मुलांच्या दारी गेला. चौघांनी नाकारले. धाकट्या पुरूने आपले तारुण्य बापाला दिले आणि बापाचे म्हातारपण अंगावर घेतले. हजार वर्षे राजाने त्या उसन्या तारुण्यात भोग भोगले. शेवटी त्याला उमगले, की भोगाने भूक शमत नाही, उलट वाढतच जाते. त्याने तारुण्य मुलाला परत केले आणि वनाची वाट धरली. सज्जनहो, ययातीला निदान खरे तारुण्य मिळाले होते. आपल्याला डबीतून मिळतो तो नुसता त्याचा रंग. गुडघ्याला कलप लागत नाही, डोळ्याला लागत नाही, श्वासाला लागत नाही.

तिसरा दाखला आपल्या घरचा आहे. चांगदेव योगबळाने 1400 वर्षे जगले अशी परंपरेची कथा आहे. काळ आला की ते त्याला चुकवीत. ज्ञानोबारायांना पत्र लिहायला बसले, तर मायना सुचेना. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानाने थोर म्हणून नमस्कार लिहावा? शेवटी कोराच कागद पाठविला. तो पाहून मुक्ताबाई म्हणाली, की 1400 वर्षे जगून हा कोराच राहिला! पुढे त्याच चिमुरड्या मुक्ताईला चांगदेवांनी गुरू केले, आणि त्या कोऱ्या पत्राचे उत्तर म्हणून माउलींच्या 65 ओव्या आपल्याला लाभल्या. काळाला चुकविण्याने माणूस मोठा होत नाही, हे येथे कळते. माउलींनी 1296 साली वयाच्या एकविशीत समाधी घेतली. त्यांच्या डोईवर पांढरा केस आलाच नसेल. नामदेवराय 80 वर्षे जगले. पंढरीरायाच्या दारी दोघांचे मोल सारखे आहे. आयुष्य किती लांब आणि केस किती काळे, हा हिशेब तेथे कोणी मांडीत नाही.

गीतेच्या तेराव्या अध्यायात भगवंतांनी ज्ञानाची लक्षणे सांगितली आहेत. त्यांत आरंभीच अमानित्व आणि अदंभित्व येते, आणि पुढे जन्म, मृत्यू, जरा व व्याधी यांतील दोष ओळखणे येते. माउलींनी त्या ठिकाणी फार सविस्तर विवरण केले आहे. ज्ञानी माणूस ऐन तारुण्यात असतानाच पुढे येणारे म्हातारपण डोळ्यांपुढे आणतो आणि वेळेवर सावध होतो, असे त्याचे तात्पर्य. ज्ञानी पुरुष न आलेले म्हातारपण पाहतो; आपण आलेलेही पाहत नाही. एवढेच अंतर आहे, पण ते फार मोठे आहे.

येथे कोणी म्हणेल, "महाराज, विठोबाला सुद्धा रोज पोशाख करता, अलंकार घालता, मग आम्ही नटलो तर बिघडले कोठे?" उत्तम प्रश्न आहे. नटण्याला संप्रदायाने कधी बोल लावलेला नाही. जनाबाईची वेणी प्रत्यक्ष पांडुरंगाने घातली, अशी कथा आपण प्रेमाने सांगतो. केस विंचरावेत, तेल लावावे, माउल्यांनी फूल माळावे, कुंकू रेखावे. पण शृंगार वेगळा आणि लपवणूक वेगळी. जे आहे ते नीटनेटके ठेवणे हा शृंगार. जे आहे ते नाही असे भासविणे, आणि कोणी ओळखील की काय या धास्तीत महिना काढणे, ही लपवणूक. पहिल्यात आनंद आहे, दुसऱ्यात भय आहे. खूण एवढीच, की जेथे भय वाटते तेथे काहीतरी लपविलेले असते.

तरीही कलप लावणाऱ्याला आम्ही पापी म्हणणार नाही. एका दिंडीत एका गृहस्थाने आम्हाला विचारले, "महाराज, मी पहारेकऱ्याचं काम करतो. केस पांढरे दिसले की म्हातारा म्हणून ठेवून घेत नाहीत. घरात खाणारी तोंडं पाच. मी काळे करतो. पाप लागंल का?" आम्ही म्हणालो, "माऊली, तुझा रंग पोटासाठी आहे. पोटासाठी घातलेल्या वेषाने देव रागावत नाही. पण कामावरचा वेष कामावरच राहू दे. विठोबापुढे उभा राहशील तेव्हा मनाला सांग, की देवा, मी साठीचा झालो आहे, आता तूच सांभाळ." आणि दोष द्यायचाच तर जे पिकलेले डोके पाहून अनुभवी माणसाला दारातून परत पाठवितात, त्यांना द्यावा. एके काळी पिकल्या केसांपुढे पंचायत उठून उभी राहत असे. आज त्याच केसांनी भाकर तुटते. हा दोष केसांचा नव्हे, समाजाच्या नजरेचा आहे.

माउल्यांची अडचण याहून अवघड असते. एका बाईला कलपाने डोक्याला खाज सुटे, पापण्या सुजत. तरी मुलाचे लग्न जवळ आले म्हणून घरची मंडळी म्हणत, "एवढ्या वेळी लावाच, फोटोत म्हाताऱ्या दिसाल." तिने आमच्याजवळ डोळ्यांना पदर लावला. "म्हातारी दिसू नको तर काय दिसू? लेक तिशीचा झाला की!" ती म्हणाली. आम्ही तिच्या घरच्यांना एवढेच सांगितले, की ज्या आईच्या डोळ्यांना सूज येते तिच्या फोटोपेक्षा तिचे डोळे सांभाळा. तिने कलप सोडला. लग्नात पांढऱ्या केसांवर अबोलीचा गजरा माळून ती मुलाच्या मागे उभी राहिली, आणि नवी सून पहिल्यांदा तिच्याच पाया पडली.

ही खाज-सूज उगाच होत नाही, हेही सांगितले पाहिजे. यूजीन शुलर या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1907 साली केसांचा कृत्रिम रंग बनविला, तेव्हापासून या रंगांचा व्यापार जगभर वाढत गेला. बहुतेक पक्क्या काळ्या रंगांत पॅराफेनिलीनडायमाइन नावाचे द्रव्य असते, आणि ते पुष्कळांच्या कातडीला सोसत नाही. दहा वर्षे सोसले म्हणून अकराव्या वर्षी सोसेलच असेही नाही. बाजारात काळी मेंदी म्हणून जी पुडी मिळते तिच्यातही बहुधा हेच द्रव्य असते. शुद्ध मेंदी काळी रंगत नाही, ती तांबूस रंगते. ज्याला लावणे भागच आहे त्याने प्रत्येक खेपेस आधी कानामागे ठिपका लावून 48 तास वाट पाहावी. खाज, पुरळ, पापण्यांची सूज दिसली तर तो रंग कायमचा टाकावा. धाप लागली किंवा तोंड सुजले तर तत्काळ दवाखाना गाठावा. देह हे हरिनामाचे साधन आहे. त्याची हेळसांड करून वर तरुण दिसण्यात काय मिळविले?

सोडायचे कसे, हा पुढचा प्रश्न. 2020 साली 25 मार्चला देशभर टाळेबंदी झाली, केशकर्तनालये बंद पडली, आणि कित्येकांचे डोके आपोआप खरे झाले. त्या वर्षी 1 जुलैच्या आषाढीला संतांच्या पादुका एस.टी.ने पंढरीला गेल्या, पायी वारी झाली नाही. फार जड गेले ते वर्ष. पण त्यातून एवढे कळले, की कलपावाचून कोणाचे काही अडत नाही. आता टाळेबंदी नको, नेम पुरे. आषाढीला कलप सोडावा. कार्तिकीपर्यंत चार महिन्यांत दोन-अडीच बोटे खरा केस उगवतो. पुरुषांना क्षौर किंवा बारीक कातरणी केली की काम झाले. माउल्यांना धीर लागतो, कारण दीड हात लांब केस पूर्ण उतरायला चार-पाच वर्षे लागतात. त्यांनी थोडे थोडे कापीत जावे, डोईवर पदर घ्यावा, आणि अर्धे काळे अर्धे पांढरे दिसण्याची लाज बाळगू नये. आपल्या कपाळी पांढरा गोपीचंदन आणि काळा बुक्का एकत्र नांदतात ना? मग डोक्यावर दोन रंग चार दिवस नांदले तर बिघडले काय?

मात्र एक सावधगिरी ठेवावी. कलप सोडणाऱ्याला कधी पांढऱ्या केसांचाच गर्व चढतो. "मी बघा कसा खरा, तो बघा कसा रंगवतो," असे तो म्हणू लागला, की डोक्यावरचा कलप उतरून मनावर चढला म्हणून समजावे. तो फार वाईट, कारण तो महिन्याने उतरत नाही. घरच्या सुनेला, शेजारणीला यावरून टोचू नये. ज्याला जेव्हा उमगेल तेव्हा उमगेल.

आपल्या संप्रदायात सेनामहाराज होऊन गेले. धंद्याने नाभिक. जन्मभर लोकांपुढे आरसा धरला, आणि त्याच आरशाला त्यांनी विवेकाची उपमा दिली. त्यांची कथा अशी, की ते पूजेत असताना राजाचे बोलावणे आले, तेव्हा देव स्वतः सेनाचे रूप घेऊन राजाची हजामत करायला गेला, आणि तेलाच्या वाटीत राजाला चतुर्भुज रूप दिसले. राजा आपला चेहरा पाहायला वाकला होता; त्याला देव दिसला. आपणही वाटीत रोज वाकून पाहतो, पण आपल्या वाटीत काळा रंग असतो. त्यात ना देव दिसतो, ना आपण.

तात्पर्य, पांढरा केस हा काळाचा निरोप आहे, आणि तो शत्रूचा नव्हे. "उरलेली वाट थोडी आहे, नामाला लाग," एवढेच तो सांगतो. वारीत सोळा वर्षांचा पोर सत्तरीच्या आजोबांच्या पाया पडतो, आणि आजोबाही वाकून त्या पोराच्या पाया पडतात. तेथे कोणाचे केस कोणत्या रंगाचे हे कोणी पाहत नाही. आणि शेवटी रांगेतून पुढे सरकत आपण त्या सावळ्याच्या पायांवर डोके टेकतो. त्या क्षणी जे डोके टेकेल, ते निदान आपले स्वतःचे असावे.

रामकृष्णहरि.