उथळ पाण्यातली गळती

पाण्याखाली काढलेलं पहिलं ज्ञात छायाचित्र गळक्या पेटीतून बाहेर आलं. फेब्रुवारी १८५६ मध्ये विल्यम थॉम्पसन या इंग्रज वकिलाने वेमथच्या उपसागरात कॅमेऱ्याची पेटी नावेतून खाली सोडली. खोली साडेपाच मीटरच्या आसपास आणि एक्स्पोजर दहा मिनिटांचं. तेवढ्या वेळात पेटीत पाणी शिरलं, तरीही काचेवर समुद्रतळाची अंधुक प्रतिमा उमटली. म्हणजे गळतीचा प्रश्न या कलेला पुढे कधी येऊन चिकटलेला नाही, तो तिच्याबरोबरच जन्मला आहे.

यानंतर ३७ वर्षांनी, १८९३ मध्ये, फ्रान्सच्या बान्यूल्स-सुर-मेर इथे लुई बुताँ या जीवशास्त्रज्ञाने तांब्याची पेटी पाण्यात नेली. या पेटीला हवेने भरलेला रबरी फुगा जोडलेला होता. खोली वाढली की फुगा आकसे, त्यातली हवा पेटीत जाई आणि पेटीतला दाब बाहेरच्या दाबाशी जुळे. आतबाहेर तफावतच उरली नाही, तर पाण्याला आत लोटणार कोण? ही कल्पना मला आजही फार मोठी वाटते. आजची हाउसिंग, म्हणजे कॅमेऱ्यावर चढवायच्या जलरोधक पेट्या, मात्र या वाटेने गेली नाहीत. ती किनाऱ्यावरचा दाब आत तसाच ठेवून समुद्राला दारातच थोपवतात.

हे थोपवणं म्हणजे काय, याचा अंदाज किनाऱ्यावर उभं राहून येत नाही. आपण हवेच्या महासागराच्या तळाशी राहतो, असं इटालियन शास्त्रज्ञ टोरिचेल्लीने १६४४ मध्ये एका पत्रात लिहिलं होतं. हवेच्या त्या साऱ्या थराचं जेवढं वजन आपल्यावर असतं, साधारण तेवढं समुद्राचं फक्त दहा मीटर पाणी आणखी टाकतं: दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो. हाउसिंगची लेन्ससमोरची, वीस सेंटिमीटर व्यासाची घुमटाकार काच वीस मीटर खोल नेली, तर तिच्यावर सहाशे किलोंहून जास्त भार येतो. आणि दाराच्या फटीत असते ती काही मिलिमीटर जाडीची रबरी कडी, ओ-रिंग.

तिचं पेटंट १९३९ मध्ये नील्स क्रिस्टेन्सेन यांना मिळालं. डेन्मार्कमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले हे गृहस्थ तेव्हा सत्तरी ओलांडून गेले होते. खाचेपेक्षा किंचित जाड कडी खाचेत बसवायची, म्हणजे दार लागताच ती जराशी चेपली जाते, एवढीच युक्ती. पण खरी कमाल यापुढे आहे. पाण्याचा दाब वाढतो तशी कडी खाचेच्या दुसऱ्या कडेवर ढकलली जाते आणि अधिकच घट्ट बसते. आपल्या कुकरची रिंगही अशीच वागते. सुरुवातीला झाकणाच्या कडेने वाफ निसटते, आत दाब धरला की ती थांबते.

म्हणूनच हाउसिंग बुडतं ते बहुधा उथळ पाण्यात. हे प्रथम ऐकणाऱ्याला पटत नाही. खोलात समुद्र स्वतःच दार दाबून धरतो. पहिल्या एक-दोन मीटरमध्ये त्याचा हात अजून दारावर पडलेला नसतो आणि तेवढ्यात कडीवर आडवा पडलेला एक केस पुरतो. केसाची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी, पण पाण्याला ती वाट आहे. वाळूचा कण, टॉवेलचा धागा, मागच्या बुडीनंतर सुकलेला मिठाचा स्फटिक, सगळ्यांचं काम तेच. बोटीवरच्या गोड्या पाण्याच्या टबात धुवायला ठेवलेली हाउसिंगही भरतात, कारण तिथे दाब जवळपास नसतोच आणि शेजारच्या कॅमेऱ्याचा धक्का लागून एखादं बटण तिरपं दाबलं जातं.

ग्रीसबद्दल मोठा गैरसमज आहे. ग्रीस पाणी अडवत नाही, पाणी कडीच अडवते. ग्रीसमुळे कडी खाचेत सहज सरकते, इतकंच. कडीवर चमक दिसेल एवढा हात पुरे. जास्त लावलं की त्याला वाळू चिकटते. सिलिकॉनच्या कडीला सिलिकॉन ग्रीस लावल्यास ती फुगू शकते, म्हणून हाउसिंगबरोबर आलेलंच ग्रीस वापरावं. कडीचं बळ तिच्या मऊपणात आणि पूर्ववत होण्यात आहे. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर या अमेरिकी अवकाशयानाच्या रॉकेटमधली अशीच एक कडी थंडीने ताठरली, वेळेत सांधा भरू शकली नाही, आणि सात माणसं गेली. पावसाळ्यात मालवणचं डायव्हिंग बंद असतं तेव्हा हाउसिंगचं दार कधीही आवळून ठेवू नये. कडी काढून पुसून वेगळी ठेवावी. महिनोन्महिने चेपलेली कडी सपाट होते, आणि सपाट कडी बदलण्याला पर्याय नाही.

काचेवर आतून दिसणारा प्रत्येक ओलावा मात्र समुद्राचा नसतो. तीस अंशाला पूर्ण दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये सुमारे तीस ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं, वीस अंशाला सतरा. कोकणातल्या एप्रिलमध्ये बोटीवर दार लावलं, की ती दमट हवा आपणच कोंडतो. कॅमेरा चालून तापतो, काच समुद्राने गार होते आणि वाफ काचेवर धरते. दार एअरकंडिशनरच्या कोरड्या हवेत लावावं, आत सिलिका जेलची ताजी पुडी ठेवावी, आणि लावलेलं हाउसिंग उन्हात ठेवू नये. धुकं आणि गळती यांतला फरक ओळखता आला पाहिजे. धुकं काचेवर पसरतं, गळतीचं पाणी सर्वांत खालच्या कोपऱ्यात साचून हलतं.

अलीकडे हाउसिंगमधली थोडी हवा पंपाने काढून घेतात आणि ती कमतरता टिकते का, हे दिव्याच्या रंगावरून पाहतात. समुद्र जो दाब देणार, त्याचा थोडा अंश किनाऱ्यावरच देऊन घ्यायचा. परवडत असेल तर हा खर्च आधी करावा, नवी लेन्स नंतर घ्यावी.

एवढं करूनही पाणी शिरलंच, तर काच खाली करून धरा, म्हणजे पाणी घुमटात साचेल आणि कॅमेऱ्याचा गाभा त्यापासून वर राहील. वर मात्र नेहमीच्याच गतीने या, कॅमेऱ्यासाठी फुप्फुसं पणाला लावायची नसतात. बाहेर आल्यावर दार तोंडापासून लांब धरून उघडा, बॅटरी लगेच काढा, आणि चालतो का हे पाहायला बटण दाबू नका. खारं पाणी आणि वीज एकत्र आली की सर्किटमधलं तांबं झपाट्याने खाल्लं जातं.

आणि मोसमाच्या पहिल्या बुडीला कॅमेरा नेऊच नका. हाउसिंगमध्ये टिश्यूपेपरची घडी आणि तरंगू नये म्हणून शिशाचं वजन ठेवा, ते नेहमीच्या खोलीवर नेऊन सगळी बटणं दाबा. घडी कोरडी निघाली, तरच दुसऱ्या बुडीला कॅमेरा आत ठेवा.