फाशीचा जमाखर्च

एखादा अमानुष गुन्हा घडला की बोलण्यात एक प्रश्न हमखास येतो : ‘असल्यांना जन्मभर आपल्या पैशाने पोसायचे कशाला?’ फाशी म्हणजे एकदाचा खर्च आणि जन्मठेप म्हणजे वर्षानुवर्षांचा, हा हिशेब वरवर बिनतोड वाटतो. अमेरिकेत तो कागदावर मांडला गेला, तेव्हा मात्र उत्तर उलटे आले.

शिक्षेच्या उपयुक्ततेची चर्चा जुनी आहे. इटलीचा विचारवंत बेकारिया याने १७६४ मध्ये मृत्युदंडाला विरोध करताना म्हटले होते की, जन्मभर राबणारा कैदी आपल्या श्रमांतून समाजाची भरपाई करतो आणि त्याची जरब अधिक काळ टिकते. १९७२ मध्ये पैशाचा मुद्दा न्यायालयाच्या निकालात उघडपणे आला. ‘फर्मन’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तेव्हाचे मृत्युदंडाचे कायदे मोडीत काढले. त्या वेळी न्यायमूर्ती थरगुड मार्शल यांनी आपल्या निकालपत्रात बजावले की, फाशी स्वस्त पडते हा समजच चुकीचा आहे.

१९७६ मध्ये मृत्युदंड परतला तो कडक अटींसह. मृत्यू ही मुळातच वेगळ्या जातीची शिक्षा असल्यामुळे काळजीही वेगळी हवी, असे न्यायालयाने मानले. त्यामुळे एका खटल्याचे दोन झाले : आधी गुन्हा सिद्ध झाला की नाही, आणि मग आरोपीला जगू द्यायचे की नाही. या दुसऱ्या टप्प्यासाठी त्याचे बालपण, आजार, त्याला झालेली मारहाण, शाळेतली कागदपत्रे असे सगळे शोधावे लागते. मानसोपचारतज्ज्ञ साक्षीला येतात. पुढे अपिलांच्या पायऱ्या असतातच. शेवटी जन्मठेपच झाली, तरी मृत्युदंडाच्या खटल्याचा खर्च होऊन गेलेला असतो. कॅन्सस राज्याच्या २००३ च्या सरकारी लेखापरीक्षणात मृत्युदंडाची प्रकरणे इतर खून-खटल्यांपेक्षा सुमारे ७० टक्के महाग निघाली.

कॅलिफोर्नियाचा आकडा तर थक्क करणारा आहे. न्यायाधीश आर्थर अलार्कोन आणि प्राध्यापक पॉला मिचेल यांनी २०११ मध्ये दाखवून दिले की, १९७८ पासून त्या राज्याने मृत्युदंडावर सुमारे ४०० कोटी डॉलर खर्च केले होते. त्या काळात प्रत्यक्ष अंमलबजावणी झाली १३ जणांच्या शिक्षेची. सॅन क्वेंटिन तुरुंगात साडेआठ लाख डॉलरहून अधिक खर्चून नवे मृत्युदंड-दालन बांधले गेले. त्यात एकालाही शिक्षा दिली गेली नाही आणि २०१९ मध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी ते उखडून टाकायला लावले.

तो चारशे कोटींचा आकडा समोर असतानाही २०१२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी मृत्युदंड रद्द करायला नकार दिला. २०१६ मध्ये पुन्हा नकार दिला आणि त्याच मतदानात अपिले वेगाने उरकण्याचा प्रस्ताव मंजूर केला. खर्चाच्या युक्तिवादाची मर्यादा इथे उघडी पडते. ‘महाग आहे, म्हणून रद्द करा’ असे तुम्ही म्हणालात, तर समोरचा म्हणणार, ‘महाग आहे ना, मग स्वस्त करा.’ पण खर्च कमी करायचा म्हणजे नेमके काय कमी करायचे? तर वकील, तपास, सुनावण्या. म्हणजे निर्दोष माणूस ज्या वाटेने सुटतो, तीच वाट अरुंद करायची.

ती वाट अरुंद केली तर काय होऊ शकते, याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात आहे. नाशिकजवळच्या २००३ मधील दरोडा, बलात्कार आणि हत्याकांडात भटक्या जमातीतील सहा जणांना सत्र न्यायालयाने फाशी ठोठावली. उच्च न्यायालयाने त्यांपैकी तिघांना जन्मठेप दिली, पण २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांच्या फाशीवर शिक्कामोर्तब केले. नंतर २०१४ मध्ये त्याच न्यायालयाने एक नवी तरतूद केली : फाशीच्या प्रकरणातील पुनर्विचार याचिका तीन न्यायमूर्तींनी खुल्या न्यायालयात ऐकावी. म्हणजे आणखी एक सुनावणी, आणखी वेळ, आणखी खर्च. त्या तरतुदीमुळे या सहा जणांचे प्रकरण पुन्हा उघडले गेले. वाचलेल्या साक्षीदार महिलेने पोलिसांच्या अल्बममधून आधी दुसऱ्याच चौघांना ओळखले होते, हे न्यायालयाने गांभीर्याने घेतले. २०१९ मध्ये सहाही जण निर्दोष सुटले आणि राज्य सरकारला प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. तोवर सोळा वर्षे गेली होती.

ती एक जादा सुनावणी ‘वायफळ खर्च’ म्हणून वाचवली असती, तर निरपराध माणसे राज्याच्या हातून मारली जाऊ शकली असती.

आपल्याकडे हा खर्च कमी दिसतो, कारण आपण ही काळजीच पुरेशी घेत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या २०१६ च्या अहवालानुसार, फाशीची शिक्षा झालेल्यांपैकी जवळपास तीन-चतुर्थांश कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बळ होते. चांगला वकील अशांना परवडत नाही आणि राज्यही तो पुरवण्यात हात आखडता घेते.

म्हणून खर्चाचा मुद्दा मी पैसे वाचवण्यासाठी मांडत नाही. एखाद्याचा जीव घ्यायचा तर किती खात्री हवी आणि ती मिळवणे किती अवघड आहे, हे या आकड्यांतून कळते. कितीही पैसा ओतला तरी ती खात्री पूर्ण होत नाही. देशाचे सर्वोच्च न्यायालयही चुकू शकते, हे २००९ आणि २०१९ या दोन निकालांनी सिद्ध केले आहे. जन्मठेपेत झालेली चूक निदान जिवंत माणसासमोर मान्य करता येते. फाशी कायद्यातून काढून टाकण्यासाठी मला एवढे कारण पुरेसे वाटते.