खासगी आणि शासकीय

सरकारी कचेरीत कागदाची जात आधी ठरते, मजकूर मग वाचला जातो. शासकीय असला तर आवक नोंदवहीत त्याला क्रमांक मिळतो, खासगी असला तर तो साहेबांच्या खणात जातो. माझी सारी नोकरी ही वाटणी करण्यात गेली. निवृत्तीनंतर इंग्रजी आरमाराचा सेनानी नेल्सन याची पत्रं वाचायला घेतली, तीही याच सवयीने. पण त्यातली पुष्कळशी धड कोणत्याच गठ्ठ्यात बसेनात.

१ ऑगस्ट १७९८ रोजी नाईलच्या मुखाजवळ नेल्सनने फ्रेंच आरमाराचा धुव्वा उडवला. नेपोलियनची फौज तेव्हा इजिप्तमध्ये उतरली होती आणि ती हिंदुस्थानकडे वळेल अशी धास्ती होती. म्हणून ९ ऑगस्टला त्याने मुंबईच्या गव्हर्नरला विजयाची खबर लिहिली आणि ती घेऊन एका लेफ्टनंटला खुष्कीच्या मार्गाने धाडलं. पत्र अस्सल शासकीय. तरी त्यातच तो सांगतो, की डोक्याला जखम झाली आहे, विचार नेहमी स्पष्ट राहत नाहीत, मजकुरात उणं दिसलं तर माफ करावं. अधिकाऱ्याच्या आड माणूस लपलेला नाही, म्हणूनच मला त्या खबरीचा भरवसा अधिक वाटतो.

निव्वळ खासगी पत्रांचं नशीब वेगळं. प्रेयसी एमा हॅमिल्टनची पत्रं नेल्सन जाळून टाकी, आणि आपलीही जाळ, असं त्याने तिला बजावलं होतं. तिने ती जपली. त्यामुळे आज त्याची बाजू भरपूर वाचायला मिळते, तिची जेमतेम. दप्तर नियमाने टिकतं. खासगी पत्र मात्र कुणीतरी सांगितलेलं ऐकलं नाही, म्हणून उरतं.

सर्वांत अवघड कागद २१ ऑक्टोबर १८०५चा. ट्रफाल्गारला शत्रूची जहाजं समोर दिसत असताना नेल्सनने मृत्युपत्राला पुरवणी जोडली. नेपल्सच्या दरबारातलं आपलं वजन वापरून एमाने ब्रिटनसाठी काय काय केलं, ते त्यात मांडलं आणि तिच्या निर्वाहाचा भार राजावर व देशावर सोपवला. साक्षीदार म्हणून हार्डी आणि ब्लॅकवुड या दोन कप्तानांच्या सह्या. मनातली काळजी त्याने राज्याच्या हिशेबात लिहिली होती.

त्याच लढाईत नेल्सन मारला गेला, आणि सरकारने ती काळजी तशी धरली नाही. त्याच्या भावाला अर्लपद आणि वर्षाला ५,००० पौंड मिळाले, एमाला काहीच नाही. १८१५ मध्ये कॅले इथे ती हलाखीत वारली. तिची कामगिरी नेल्सनने वाढवून सांगितली, अशी शंका अभ्यासक घेतात, आणि ती रास्तही असेल. पण शंका असेल तर दावा तपासता येतो. तो खासगी ठरवला, की तपासाची गरजच उरत नाही.

शेरा मारून आपण कागदाची फक्त जागा ठरवतो, अशी आम्हा कारकुनांची समजूत असते. कुणाचं देणं राज्याने फेडायचं आणि कुणाचं नाही, हेही त्याच शेऱ्याने ठरून जातं.